टाकीभर तेल आणि उतरवायचं राहिलेलं पाणी

त्या केसमधली माणसं एक वेळ विसरेन, पण एक टाकीभर तेल मी विसरणार नाही. ते मी स्वतः जप्त केलं होतं.

मी तेव्हा चाकणला फौजदार होतो. एका कारखान्यात प्रेसमधली जाड स्प्रिंग काम चालू असताना तुटली आणि कामगाराची दोन बोटं गेली. स्प्रिंग पुरवणाऱ्या दुसऱ्या कारखान्याने लगेच लेखी तक्रार दिली, की आमच्या भट्टीवरच्या माणसाने ओव्हरटाइमच्या रागातून मुद्दाम माल बिघडवला. त्याला कामावरूनही बंद केलं. अटकेचे कागद तयार होते, माझी सही तेवढी बाकी होती.

त्याच सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. माणूस हळू आवाजात म्हणाला, "सायेब, त्या मालाला पाणी दिलंय, पर उतरवलं न्हाई. वहीत मातर उतरवल्याचं लिवलंय." आणि फोन बंद.

मला वाटलं, सापडलं! कोणीतरी मालावर पाणी ओतून तो गंजवला. दोन पंच घेऊन स्प्रिंगच्या कारखान्यात गेलो आणि पाणी शोधू लागलो. पंचनाम्यात ठणकावून लिहून घेतलं, 'सदर ठिकाणी पाणी मिळून आले नाही. टाकीत पाण्याऐवजी तेल मिळून आले.' संशय बळावला म्हणून तेल जप्त केलं. पंच छताकडे बघत होते. हवालदार खाली मान घालून बराच वेळ डब्यांना सीलची लाख लावत बसले. ते हसू दाबत होते, हे मला फार उशिरा कळलं.

दुपारी भट्टीवाल्याला चौकशीला बोलावलं. पन्नाशीचा, जवळच्याच गावचा गडी. समोरच्याला आधी चहा द्यायचा आणि तो कप कसा धरतो ते बघायचं, ही माझी पद्धत. त्याचा हात थरथरत होता. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला.

"पाणी कुठलं वापरलंस?"

"तेलाचं."

मी टेबलावर हात आपटला. "पोलिसांची थट्टा करतोस?"

"न्हाई सायेब. पाणी मी दिलं. पर मला उतरवू दिलं न्हाई."

आता आवाज ओळखला. सकाळचा फोन याचाच. ज्याला अटक करायची तोच खबर देणारा! माल मुद्दाम बिघडवणारा माणूस वर्दी कशाला देईल? मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, "दादा, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही सावकाश सांगा."

लालभडक तापलेली स्प्रिंग तेलात बुडवायची, याला ते लोक पाणी देणं म्हणतात. लोहाराच्या हौदापासून चालत आलेला शब्द. पाण्याच्या जागी तेल आलं, शब्द तोच राहिला. त्याने पोलाद कडक होतं, पण काचेसारखं. मग ते मंद आचेवर दोनेक तास ठेवायचं. हे पाणी उतरवणं. त्यानंतरच स्प्रिंग दबते आणि पुन्हा उभी राहते.

"निसतं कडक पोलाद दिसाया भारी, सायेब," तो म्हणाला. "वझं आलं की तुटतंय."

फोनवर नाव का नाही सांगितलं, असं विचारलं. म्हणाला, नाव सांगितलं असतं तर तुम्ही आधी मलाच धरलं असतं. आणि मी तर नाव न सांगताही धरलंच होतं.

पुन्हा पंच घेऊन कारखान्यात गेलो. त्याच लॉटमधली शिल्लक स्प्रिंग शिकंज्यात धरून हातोडा मारला, तर कट्कन तुटली. दुसऱ्या लॉटच्या स्प्रिंगवरून हातोडा परत उडाला. भट्टीच्या वहीत त्या दिवशी दोन ते चार पाणी उतरवल्याची नोंद होती, खाली सुपरवायझरची सही. गेटच्या रजिस्टरमध्ये मात्र तो माल घेऊन गाडी अडीचलाच बाहेर पडलेली. दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि सुपरवायझरपुढे चहा ठेवला. त्याने कप बाजूला सारला. म्हणाला, "गिऱ्हाइकाची लाइन थांबणार होती साहेब. वरून फोनवर फोन येत होते."

प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला. सुपरवायझर आणि वरून फोन करणारे मॅनेजर, दोघांवर दोषारोपपत्र गेलं. भट्टीवाल्याचं नाव वगळलं, तो पुन्हा कामावर गेला. तेल मी रीतसर पावती घेऊन परत केलं. गेलेली बोटं मात्र कुणाला परत करता आली नाहीत.

त्यानंतर जबाब घेताना समोरच्याच्या शब्दाचा अर्थ आधी त्यालाच विचारायची सवय लावून घेतली. आणि टेबलावर हात आपटणं कमी केलं. तोवरच्या नोकरीत मी कडकपणालाच पोलिसाचा गुण समजत होतो. त्या थरथरत्या हाताने मला खरं सांगायचंच होतं. एकदा आणखी ओरडलो असतो, तर तो गप्प बसला असता आणि मी सही केली असती.

घरी येऊन बायकोला हे सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे त्यानं तुमचं पाणी उतरवलं. बरं झालं. मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं."