पौर्णिमेपर्यंत थांब, म्हणालो

मी चौथी शिकलेला माणूस. रेल्वेत कीमॅन होतो. पाना-हातोडा घेऊन रोज रूळ तपासत चालायचं, हेच काम. बदलीनं जयपूरला आलो आणि इथंच म्हातारा झालो. लिहायला बसलोय ते मुलाच्या दारूबद्दल, आणि माझ्या चुकीबद्दल.

एका सकाळी दाढी करता करता मुलगा थांबला. हात थरथरत होता, गालावर रक्त. म्हणाला, “आबा, मला सोडवा यातून. कुठंही न्या.”

मी म्हणालो, “पाच दिवसांनी पौर्णिमा आहे. विहारात वंदनेला आपली सगळी माणसं येतील. त्यांच्यादेखत पाचवं शील घे, दारू शिवणार नाही म्हण. दवाखाना कशाला?”

पौर्णिमेला त्याची जागा रिकामी होती. कानोत्याच्या धरणाजवळ पिऊन पडलेला सापडला, डोकं फुटलेलं. त्यानंतर सात महिने ‘सोडवा’ हा शब्द त्यानं काढला नाही.

मग एका दुपारी, अर्धी भाकरी ताटात टाकून म्हणाला, “आबा, आज. मतलब आत्ताच. उद्या मीच नाही म्हणेन.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. त्याची आई म्हणाली, “उठा की! का पुन्हा पौर्णिमा बघताय?”

ते लागलं मला. तडकलेला रूळ दिसला की आम्ही साहेबाची वाट बघत नाही. आधी लाल झेंडी, गाडी थांबवायची, मग कळवायचं. नोकरीभर हे केलं, आणि घरात पाच दिवस तसेच जाऊ दिले.

विद्याधर नगरात नशामुक्ती केंद्राचा बोर्ड होता. त्याच्यासमोरून मी कित्येकदा मान फिरवून गेलो होतो. रिक्षात बसून भांडणाची तयारी केली. उद्या या, डॉक्टर नाहीत, असं म्हणाले तर चांगलं ऐकवायचं.

नर्सबाई जेवत होत्या. मुलाला बघून त्यांनी डबा झाकला.

“आखिरी बार कब पी?”

“सुबह.”

“खुद आए हो?”

“जी.”

“तो चलो अंदर.”

मी आधार कार्ड पुढं केलं. “बाबूजी, कागज बाद में.”

मी छाती काढून म्हणालो, “घर में बंद करके भी छुड़ा देता मैं.”

“अच्छा हुआ नहीं किया,” बाई म्हणाल्या. “एकदम बंद करो तो फिट का दौरा पड़ता है. जान भी जाती है.”

माझं भांडण तोंडातच राहिलं. ताटावरून उठल्यापासून पलंगावर पडेपर्यंत तासही गेला नव्हता. धुतलेली चादर, सलाईन, आणि त्याचा थरथरता हात बाईंनी दोन्ही हातांत धरलेला. ना कुणी हसलं, ना कुणी त्याला ‘कसला माणूस आहेस’ म्हणालं. सरकारी खिडक्यांपुढं मी जन्मभर उभा राहिलो, पण असं दार पाहिलं नव्हतं. चपला बाहेर काढून आलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटलं. विहारात काढतो तशा.

महिन्याभरानं तो घरी आला. मधे एकदा घसरला. त्याच दिवशी स्वतः चालत केंद्रात गेला, आणि त्याच दिवशी त्यांनी त्याला आत घेतलं.

गेल्या पौर्णिमेला वंदनेत माझ्या शेजारी बसला होता. पाचवं शील आलं तेव्हा मी माझं म्हणणं थांबवलं, त्याचा आवाज ऐकायला. हळू म्हणाला, पण पुरं म्हणाला.