न भिजवलेलं मांजरपाट

जेवण अंगावर आलेलं, हातात सुई आणि मांडीवर अर्धवट शिवलेली गोधडी. मालनची मान एकदा खाली जाते, दचकून वर येते, पुन्हा जाते. आतल्या खोलीत तिची बाळंतीण पुतणी प्राजू लेकराला पाजता पाजता झोपून गेली आहे. तिसऱ्यांदा मान खाली जाते ती वर येतच नाही.

"टाके बरे घालतेस," समोरून कुणीतरी म्हणतं. "पण अक्कल कुठं गहाण टाकलीस?"

इंदूअक्का. मालनची थोरली जाऊ, प्राजूची आई. दिवाळीच्या तोंडावर गेलेली, आणि आता गोधडीच्या पलीकडं मांडी घालून बसलेली. मालन आधी पदर सारखा करते. धाकटेपणाची सवय, थोरली मेली तरी सुटत नाही.

अक्का गोधडीची कड उचलून आतलं कापड चिमटीत धरते. वरखाली अक्काच्याच जुन्या साड्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. मधे कोरं मांजरपाट. नातवंडाच्या गोधडीसाठी म्हणून अक्कानंच कधीतरी आणून पेटीत ठेवलेलं.

"हे भिजवलं नाहीस."

"नाही."

"कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतंय. साड्यांचं आटून झालंय कधीच. हे आत ओढणार आन् त्या टाक्याटाक्याला फाटणार. अजून मीच शिकवायचं का तुला?"

मालनला हे ठाऊक नाही असं थोडंच आहे? जन्म गेला गोधड्या शिवण्यात.

"प्राजूनं पाणी लावू दिलं नाही," ती म्हणते. "तुमचा वास हाय त्याला. मशेरीचा आन् कापराचा. रोज नाकाशी धरून बसायची पोर."

बसल्या जागी फरशी ओली होत जाते आणि दोघी परसातल्या हौदावर आहेत. या घराला परसात हौद कधी नव्हताच, पण मालनला त्याचं नवल वाटत नाही. अक्का मांजरपाट पाण्यात दाबते. खळ सुटते, पाणी दुधाळ होतं. मालन दुसरं टोक धरून ओढते.

"सोडा, अक्का! तिच्याकडं तुमचं दुसरं काय राहिलंय?"

अक्का सोडत नाही. कापड आटायला लागतं. चादरीएवढं होतं ते टॉवेलाएवढं होतं, मग रुमालाएवढं. हौदाच्या काठाला हात लावावा तर तो लोखंडी खाटेचा गज आहे, इस्पितळातल्या. पाण्यात आता अक्काच आहे, शेवटच्या महिन्यात होती तशी वाळलेली, बांगड्या कोपरापर्यंत चढलेल्या. आणखी जरा दाबलं तर काहीच उरायचं नाही.

"पुरे, अक्का. पुरे आता!"

"घाबरतेस काय?" आवाज मात्र पहिल्यासारखाच ठणठणीत. "लेकरू मुतणार, ओकणार. गोधडी रोज धुवावी लागणार. पहिल्याच धुण्यात वास जाईल आन् गोधडीबी जाईल. पोरीला दुसऱ्यांदा रडवायचंय का तुला?"

"पण मी कसं सांगू तिला?"

अक्का पाठ फिरवते. जिवंतपणीही नको त्या प्रश्नाला ती अशीच पाठ फिरवायची. मालनला रडू येतं आणि रागही येतो. मेली तरी अवघड काम धाकटीच्याच गळ्यात घालून चालली.

आत बाळ रडतं आणि मालनचे डोळे उघडतात. गोधडी मांडीवरच आहे. ती घाईघाईनं मांजरपाट चाचपते. कोरडं ठणठणीत. मग तिला स्वतःची बोटं दिसतात. ती पांढरी पडली आहेत, तासभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली आहेत, आणि नखांत खळीचा ओला लगदा आहे.

ती कितीतरी वेळ हातांकडं बघत राहते. मग कात्री उचलते आणि पहिला दोरा कापते.

"काकू, काय करतेस?" लेकराला खांद्यावर टाकून प्राजू दारात उभी आहे.

"इकडं बस." मालन मांजरपाट ओढून काढते आणि तिच्या मांडीवर ठेवते. "आईचा काय वास घ्यायचा तो पोटभर घेऊन घे. मग मी बादली भरते."