उंदरांनी पचवलेलं औषध

शेवटचं भेटलो तेव्हाही मंदाताई मला नीट बसू देत नव्हती. इस्पितळाच्या खाटेवर, पाठीशी उशी, आवाज पार खोल गेलेला, आणि विचारत होती, "बाळ्या, युनिव्हर्सिटीकडे बत्ती गेलीय का रे? अर्पिताला फोन लाव." अर्पिता तिची विद्यार्थिनी. बत्ती होती, तरी थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्पिताचाच फोन आला. "भैया, मैडम..." एवढंच म्हणाली. त्याला महिना उलटून गेला, पण मला अजून एका जागी बसवत नाही.

मंदाताई माझी मावसबहीण. आम्ही दोघं बनारसचेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. तिचे वडील अहिल्याबाई घाटाजवळ संस्कृत शिकवत, आणि ही औषधशास्त्राकडे वळली. औषधांनी यकृताला अपाय होतो का, हे ती वर्षानुवर्षं उंदरांवर तपासत असे. मग मावशीला क्षय झाला. औषधं सुरू झाली आणि तिचे डोळे पिवळे पडत गेले. यकृतच निकामी झालं. त्यातलंच एक औषध मंदाताईने स्वतः उंदरांना देऊन पाहिलं होतं. त्यांना काही झालं नव्हतं. तेराव्याला पानं वाढता वाढता ती थांबली. "उंदरांनी पचवलं रे... आईला का नाही पचलं?"

त्यानंतर ती स्वस्थ बसलेली मी पाहिली नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या यकृताचे तुकडे वाया जातात. त्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या आणि औषध त्यांच्यावर तपासायचं, हे तिने मनात घेतलं. त्यासाठी अनुदान हवं होतं. दिल्लीच्या समितीने सांगितलं, आधी हेच उंदरांवर सिद्ध करून आणा. स्टेशनवरून ती थेट माझ्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली, खांद्यावरची पिशवी न उतरवता फेऱ्या मारत राहिली. "ज्या साक्षीदारावरचा माझा विश्वास उडालाय, त्याचाच दाखला आणायचा?" पुढच्या खेपेलाही नकार आला. मी म्हटलं, "ताई, सोड आता, रिटायर होशील." तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शेवटी मागितलं त्याहून पुष्कळ कमी, पण अनुदान मिळालं. पिंजऱ्यांची खोली रिकामी झाली. सर्जन लोक सहजी तुकडा देत नसत, म्हणून ही बर्फाचा डबा घेऊन ऑपरेशन थिएटरबाहेर स्वतः उभी राहायची.

आणि मग तिलाच पित्ताशयाचा कॅन्सर निघाला. आमच्या गंगाकाठी हा फार. पित्ताशयाबरोबर लगतचं थोडं यकृतही काढावं लागेल, असं सर्जन म्हणाले. ताई खुर्चीत पुढे सरकली. "तपासणीला लागेल तेवढं ठेवा. उरलेलं फेकू नका, अर्पिता डबा घेऊन येईल."

बाहेर आल्यावर मी चिडलो. "अगं, आधी स्वतःचं बघ ना!"

"स्वतःचंच तर बघतेय," ती म्हणाली, आणि रिक्षाला हात केला.

शस्त्रक्रिया झाली, पण आजार तोवर पसरला होता.

परवा युनिव्हर्सिटीतल्या तिच्या प्रयोगशाळेत गेलो. अर्पिताने सांगितलं की मावशीचं ते औषध वेगवेगळ्या माणसांच्या पेशींवर घालून पाहिलंय. काहींच्या पेशी तगल्या, काहींच्या मेल्या. का, ते अजून कळलेलं नाही. त्यासाठी पुन्हा अनुदान मागावं लागणार, आणि अर्ज आता अर्पिताच्या नावाने जाणार. देतील का, तिलाही ठाऊक नाही. मग तिने बत्ती गेली की थंड पडणाऱ्या उबेच्या कपाटातून बश्या काढल्या, मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. भिजल्या साबुदाण्यासारखे गोळे, जिवंत.

"यातली ताईची कुठली?" मी विचारलं.

"नाम नहीं लिखते, भैया. सिर्फ नंबर. किसका कौन सा है, हमें भी नहीं बताते. मैडम का ही नियम था."

मी उठलो नाही. एक बशी झाली की दुसरी मागितली... अशा सगळ्याच पाहिल्या.