संप्लवन, मिरे आणि मामीचा बोकड

माझ्या पहिल्या पत्रकाचं शीर्षक होतं : ‘संप्लवन समजून घ्या, लुबाडणूक थांबवा!’ डोंगरकडा गावच्या बसथांब्यावर मी ते स्वतः वाटलं. त्याच संध्याकाळी निम्म्या पत्रकांवर लोक भजी खात होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पत्रक का काढलं, तर गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये एका महाराजांनी दुकान मांडलं होतं. मी त्याला दुकानच म्हणणार. नवस बोलणाऱ्याची कापराची वडी ते एका डबीत ठेवत. झाकणाला भोकं, ‘देवाच्या श्वासासाठी’. डबी पत्र्याखाली टांगायची. आठ दिवसांनी कापूर नाहीसा झाला, की देवानं नवस ऐकला, आणा बोकड! मे महिना, हिंगोली जिल्हा, तापलेला पत्रा. तिथं माणूस टांगला असता तरी आठ दिवसांत शिल्लक राहिला नसता.

आणि माझ्याच मामीनं गुडघ्यासाठी डबी टांगली होती. सोमवारी उघडायची. बोकड तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला.

रविवारी मी पत्रक तिच्यापुढं धरलं. तिनं बोट ठेवून वाचलं.

“संप्लवन म्हंजे कापूर संपला, असंच ना?”

“संपला नाही, मामी. उष्णतेनं स्थायूचा थेट वायू झाला. मधे द्रव झालाच नाही.”

“उडाला म्हण की मग! कापूर उडतो हे मला काय शिकवून राहिली? म्हणून तर कापराच्या डब्यात मिरे टाकतो आमी.”

मी खवळले. “ठाऊक होतं, तर नवस काहून बोललीस?”

“घरचा उडतो गं. देवाचाबी उडतो, हे कुठं ठाव होतं?”

यावर पत्रक पुरणार नव्हतं. मग मी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत कापूर घातला, डबी उकळत्या पाण्यात तरंगत सोडली आणि झाकणावर ओलं फडकं टाकलं. थोड्या वेळानं उघडली, तर तळ रिकामा आणि झाकणाला आतून पांढरा थर. खाली तापून वायू झाला, वर गार झाकणाला लागून पुन्हा स्थायू.

मामी बराच वेळ तो थर नखानं खरवडत बसली. “म्हंजे भोकं नसती, तर डबीतच राहिला असता?”

“डबीतच!”

सोमवारी शेड भरलेली. महाराजांनी रिकामी डबी सगळ्यांना दाखवली. “घेतला देवानं! बोकड कधी आणता, बाई?”

मी भाषणासाठी तोंड उघडलं. मामीनं माझा दंड दाबला.

“महाराज, ही बिनभोकाची डबी आणली. आत कापूर हाय, मिरेबी टाकलेत. ही टांगा. हिच्यातून देवानं घेतला तर एक न्हाई, दोन बोकडं देते.”

“देवाची परीक्षा घेता?”

“देवाची न्हाई जी. डबीची.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळीच शेड. महाराज म्हणाले, आज वार बरा नाही. बोकड पुन्हा मागायचंही त्यांच्याकडून राहून गेलं.

बोकड अजून मामीच्या दारात आहे. दुसऱ्या पत्रकाचं शीर्षक तिनंच ठरवलं : ‘कापूर उडतो!’ मिऱ्यांवरून मात्र आमचं वाजलं. कापूर टिकतो तो घट्ट झाकणानं, मिऱ्यांनी नव्हे. मी प्रयोग करून दाखवायला आजही तयार आहे. ती एवढंच विचारते, “बोकड कुणाच्या मिऱ्यांनी वाचला?”

शेवटी छापलं : ‘झाकण घट्ट लावा.’ आणि खाली, बारीक अक्षरात : ‘मिरे ऐच्छिक.’