वहीतला पहिला ठिपका

खरं सांगू, त्या सकाळी मी देवाशी बोलणंच बंद केलं होतं. माझ्या सॅकमध्ये आजोबांची जपाची वही होती आणि संध्याकाळी मला ती भाट्याच्या खाडीत सोडायची होती. आजोबांनीच सांगितलेलं!

आजोबा पोफळीच्या पॉवरहाऊसमधून रिटायर झालेले. तिथे दर तासाला रीडिंग लिहून लिहून अक्षर असं वळणदार झालेलं की बघत राहावं. मग रत्नागिरीत आले आणि त्याच अक्षरात रोज एक पान रामनाम लिहायला लागले. मरेपर्यंत एकही दिवस चुकवायचा नाही, हा संकल्प. आणि मग अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेल्यातच जमा. डाव्या हाताने लिहून बघितलं तर अक्षराचा नुसता गुंता. "नाव मोडतंय गो माझ्या हातून," म्हणाले, "असं वाकडंतिकडं देवाला नको. सोड ती वही खाडीत." त्यानंतर जेवण अर्ध्यावर, बोलणं बंद, देवघराकडे पाठ. मला इतका राग आला ना देवाचा! ज्या हाताने तुझं नाव लिहिलं, तोच हात घेतलास?

वही सोडायचं मी आज-उद्या करत टाळत होते. मोबाइलवर बघितलेलं की ठिपक्यांचं पेंटिंग वयस्कर लोकांना छान असतं, मन शांत होतं. लगेच रंग आणले, पुठ्ठ्यावर वर्तुळं काढली आणि कापूसकाडी त्यांच्या डाव्या हातात दिली. "बालवाडीत घालतंस काय मला?" म्हणाले. पण माझं तोंड बघून असेल, पडवीत बसून ठिपके द्यायला लागले. हात थरथरला की ठिपक्याला शेपूट फुटायचं, की लगेच फडक्याने पुसायचे. पुसून पुसून पुठ्ठ्याचा नुसता चिखल! चौथ्या दिवशी त्यांनी काडी खाली ठेवली. "वही घेतलीस ना? आज सोडच."

तेवढ्यात गेटमधून एक माणूस आत आला, कमरेला कोयता. "नारळ पाडायला आलोय." अहो, आमचे नारळ गेल्याच आठवड्यात पाडून झालेले! त्याने फोन लावला तर कळलं, त्याला पलीकडच्या आळीत जायचं होतं, आमच्याच आडनावाच्या घरी. मंडणगडचा, इथे नवीन. "चुकलोच आहे तर पाणी तरी द्या," म्हणत हसत पायरीवर बसला. पाणी पिता पिता त्याची नजर पुठ्ठ्यावर उरलेल्या ठिपक्यांवर गेली आणि त्याने एकदम चपला बाजूला सारून हात जोडले.

"आजोबा, किती नावं झाली?"

मी शॉक! आजोबा तर बघतच राहिले. "कसली नावं?"

"जपाची. आमची आई असंच करायची. तिला लिहायला येत न्हवतं. भिंतीवर कुंकवाचं बोट टेकवायची. एक बोट, एक राम. घराला रंग काढला तेव्हा ती भिंत सोडूनच रंगवलं."

आजोबांचा आवाज अगदी बारीक झाला. "वाकडे झाले तर?"

तो हसायलाच लागला. "शेवटी तिला दिसत न्हवतं, आजोबा. दारावर, पाण्याच्या पिंपावर, माझ्या शर्टावर पण राम आहेत!"

तांब्या ठेवला आणि गेला. वहीचं त्याला कुणी एक अक्षर सांगितलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा.

आजोबांनी हात पुढे केला. "वही काढ."

मी सॅकमधून वही काढून कोरं पान त्यांच्यापुढे उघडलं आणि काडी रंगात बुडवून दिली. पहिल्या ठिपक्याला शेपूट फुटलंच. मी सवयीने फडकं पुढे केलं, तर म्हणाले, "राहू दे. नाव घेतलंय त्याच्याबरोबर."

तो माणूस नंतर मला एसटी स्टँडवर वडापाव खाताना दिसला. साधा माणूस, आळी चुकलेला. त्याला कोणी धाडलं, हे मी आता विचारत नाही, फक्त हात जोडते. मी देवाकडे आजोबांचा उजवा हात मागत होते, तो काही मिळाला नाही. पण रोज सकाळी वही उघडते. एका हाताने रंगाच्या बाटलीचं झाकण निघत नाही, ते मी काढून देते. तेवढंच काम माझं. मग पडवीत बसून मी गप्प ऐकते, एक ठिपका, एक राम.