माझ्या वाट्याचे राक्षस

एसटीत वाहक म्हणून उभं राहून राहून माझ्या पोटऱ्या आता लाकडाच्या झाल्या आहेत. शिरपूरची शेवटची फेरी संपवून वाशीमला घरी आले की मला दोनच गोष्टी हव्या असतात. एक कोमट पाण्याची बादली आणि दुसरं म्हणजे कोणी माझ्याशी बोलू नये. अशा बाईनं सुट्टीच्या दिवशी चष्मा लावून बोटाएवढ्या राक्षसांचे दात रंगवत बसावं, हे माझं मलाच पटत नाही, तर दुसऱ्याला काय पटवू?

हे खूळ माझं नाही, मुलाचं. लॉकडाऊनमध्ये बस बंद पडल्या आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच मी महिनोन्‌महिने घरात बसले. मुलगा तेव्हा दहावी संपवून रिकामा होता आणि दिवसभर मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी खेळाचे व्हिडिओ बघायचा. बुद्धिबळ आणि भातुकलीचं लग्न लावलं तर जे होईल, तो हा खेळ. काल्पनिक राज्यांतली दोन सैन्यं, एकेक सैनिक प्लास्टिकचा, आपणच जोडायचा आणि आपणच रंगवायचा. मग मोठ्या टेबलावर डोंगर-जंगल मांडून त्यांची लढाई लावायची. कोण किती चालणार ते टेपनं मोजायचं, आणि कोण मरणार ते फासे ठरवणार.

कुरिअर सुरू झालं तसं त्यानं एक खोकं मागवलं. उघडून बघते तर आत माणसं नव्हतीच. प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले हात, पाय आणि मुंडकी. ती नेलकटरनं कापून, गोंदानं चिकटवून माणसं करायची. पहिल्याच दिवशी त्याची दोन बोटं एकमेकांना चिकटली आणि ती सोडवायला मला गरम पाणी करावं लागलं. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, दारातून एकदा डोकावून बघितलं आणि 'भातुकली' एवढंच म्हणून ते जऊळक्याला शेतावर निघून गेले. तेव्हापासून आमच्या घरात या खेळाचं नाव भातुकलीच आहे.

खोक्यात दोन्ही बाजूंची सैन्यं होती, पण खेळायला दुसरं माणूस नव्हतं. मुलाचे मित्र एकदा येऊन गेले, नियमांच्या पुस्तकाची जाडी बघितली आणि पुन्हा फिरकले नाहीत. मग राहिले कोण, तर मी. उंच, देखणे तिरंदाज आणि त्यांचा पांढऱ्या झग्यातला सेनापती मुलानं स्वतःकडे ठेवले. घरात शिळी पोळी जिच्या वाट्याला येते तिच्याच वाट्याला राक्षसही आले. पोट सुटलेले, सुळे बाहेर आलेले, हातात सोटे घेतलेले.

रंगवायचे म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट घरात होता, तो मी पहिल्या राक्षसाला चोपडला. त्याचे डोळे, दात, नाक सगळं बुजून गेलं. मुलानं तो हातात घेतला, उलटासुलटा बघितला आणि म्हणाला, "आई, हा राक्षस नाई, पेढा हाये." त्या पेढ्याला मी अजून फेकलेलं नाही. लढाईत तो सगळ्यांच्या मागं उभा असतो.

मग त्यानं मला शिकवलं. आधी काळ्या रंगाचा एक हात मारायचा. रंग पाण्यात इतका पातळ करायचा की लावलाय की नाही याची शंका यावी. एक हात वाळला की दुसरा. काळपट पाणी सोडलं की ते आपोआप सुरकुत्यांत उतरतं आणि चेहरा जिवंत होतो. शेवटी ब्रश फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि नुसत्या कडांवरून फिरवायचा. मी कंटाळत शिकले. जांभया देत देत शिकले म्हटलं तरी चालेल, पण हात बसला. शेतातल्या पऱ्हाट्यांचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचं जंगल केलं, फ्रिजच्या थर्माकोलचे डोंगर केले आणि सैनिकांच्या पायाखाली जऊळक्याची काळी माती चिकटवली. दिवाणावरची फळी काढून ती स्टुलांवर ठेवली की आमचं रणांगण तयार.

सुरुवातीला मी मुद्दाम हरायचे. आई म्हणून आणखी काय करणार होते? फाशावर पाच पडले तरी तीन म्हणायचे आणि पटकन उचलून घ्यायचे. त्यानं एकदा माझा हात वरच्या वर धरला. चेहरा लालबुंद झाला होता. "पडला तो फासा पडला," तो म्हणाला. "हरायचं तं नीट हर." मग संध्याकाळच्या जेवणापर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. मला राग आला, पण आत कुठे तरी बरंही वाटलं. याला माझ्याशी खरंच खेळायचंय, याला नुसतं जिंकायचं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी नीट खेळायला लागले आणि अधूनमधून जिंकायलाही लागले. हरला की तो तणतणायचा आणि चहा संपायच्या आत पुन्हा फळी मांडायचा.

त्या सेनापतीचा पांढरा झगा मात्र त्यानं एकट्यानं रंगवला. मला हात लावू दिला नाही. पांढरा रंग म्हणजे नुसता पांढरा नसतो, खाली राखाडी लागतो, घड्यांत निळसर लागतो, हे तो मला सांगत राहायचा आणि मी तांदूळ निवडत हूं हूं करायचे. झाल्यावर त्यानं तो खिडकीत उन्हात धरला. तसा पांढरा मला आजवर जमलेला नाही.

बस सुरू झाल्या, बारावी झाली, मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि आता तिथंच नोकरीलाही लागलाय. सैन्यं साड्यांच्या खोक्यांत झोपली. सुट्टीत आला की आम्ही एखादा डाव मांडायचो. तो नसताना मी उरलेले राक्षस रंगवत राहिले. काहून, असं एकदा ह्यांनी विचारलं होतं. बसमध्ये दिवसभर लोक माझ्या अंगावरून पुढं सरकतात, सुट्टे मागतात, भांडतात आणि उतरून जातात, राक्षस निदान एका जागी उभा राहतो, असं मी काही तरी उत्तर दिलं. खरं उत्तर असं होतं की मुलगा आला की माझं सैन्य तयार असायला हवं होतं.

आमच्याकडे खंडेनवमीला ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा असते. गेल्या खंडेनवमीला डेपोत बसला हार घालून घरी आले आणि पाट मांडला. माझा वाहकाचा बिल्ला, शिलाई मशीनची कात्री, विळी, ह्यांचा विळा आणि फवारणीचा पंप. मग डोक्यात आलं की लढणाऱ्यांना आज पूजायचं नाही तर कधी पूजायचं? खोकी उघडली आणि दोन्ही सैन्यं पाटावर उभी केली. एकेकाला हळदीकुंकू लावत गेले. माझ्या हिरव्या राक्षसांच्या कपाळावर कुंकू असं शोभलं की मला हसू आलं. आणि सेनापतीच्या वेळी बोटावरचं ओलं कुंकू टपकन त्याच्या झग्यावर पडलं.

मी पुसलं, तर ते पसरलं. पाण्यानं पुसलं, तर घड्यांत उतरून गुलाबी झालं. वरून पांढरा लावून बघितला, तर विटलेल्या भिंतीवर चुन्याचं ठिगळ दिसावं तसं दिसायला लागलं. आणखी बिघडायच्या आत मी हात काढून घेतला.

लपवून ठेवायचा माझा स्वभाव नाही. लगेच फोन लावला आणि सांगून टाकलं. मागं गाड्यांचा आवाज येत होता. तो म्हणाला, बरं, काही होत नाही. आणि मग गॅसचं सिलेंडर आलं का ते विचारायला लागला. ज्या मुलानं एका बोटाच्या ठशासाठी जेवण सोडलं असतं तो मुलगा काही होत नाही म्हणाला. तो माझ्यावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

तरी दिवाळीला मी तयारी केली. एसटीत दिवाळीची सुट्टी म्हणजे देव भेटल्यासारखी. एका सोबतिणीच्या पाया पडायचं बाकी ठेवलं, तिच्या पुढच्या सगळ्या अडलेल्या ड्युट्या मी करीन म्हणून कबूल केलं, तेव्हा सुट्टी मिळाली. मुलगा यायच्या आदल्या दिवशी फळी मांडली, पऱ्हाट्यांचं जंगल नव्यानं उभं केलं आणि त्याच्या आवडीचा चिवडा केला.

मुलगा ट्रॅव्हल्सनं सकाळी आला आणि दोन दिवस झोपून राहिला. नोकरी त्यालाही थकवते, दिसत होतं. आई-बापाचा थकवा मुलांना मिळतो, बाकी काही मिळो न मिळो. निघायच्या दिवशी सकाळी जेवताना त्यानं सांगितलं की पुण्यात त्याचा एक गट जमलाय, दर रविवारी एका दुकानाच्या वरच्या खोलीत ते खेळतात, आणि यावेळी तो आपलं सैन्य तिकडे घेऊन जाणार आहे.

"अन माह्ये?" मी विचारलं.

"तुह्ये राहू दे तुह्याजवळच," तो म्हणाला. "तिकडे राक्षसं लय हायेत."

मायेनंच म्हणाला. मीही हसले. मग म्हटलं, जायच्या आधी एक डाव होऊ दे. तो मोबाइलकडे बघून हो म्हणाला.

डाव सुरू झाला. माझा एक राक्षस पुढं सरकवताना त्यानं टेप राक्षसाच्या पुढच्या कडेपासून धरला, पण मोजलेल्या जागी त्याचा मागचा पाय ठेवला आणि मला दोन बोटं जास्त दिली. मला वाटलं, घाईत चुकला असेल. मग त्याच्या तिरंदाजांची पाळी आली. फासे पडले. दोन सहा होते, मी बघितले. त्यानं ते झटकन उचलले आणि म्हणाला, नेम चुकला. चालत्या बसमध्ये तिकीट न काढता कोण मागं सरकलंय हे मला पाठीला कळतं. माझ्यापासून दोन सहा काय लपणार?

"तू चीटिंग करून राह्यला काय?"

"जाऊ दे न, आई," तो म्हणाला. "जिंकून राह्यली न तू."

मी म्हाताऱ्या माणसांना बसमध्ये चढवताना 'सावकाश, सावकाश' म्हणते, तो आवाज होता त्याचा. मी माझे फासे टाकले. राक्षस पुढं सरकवत गेले आणि जिंकले. इतक्या वर्षांत हरल्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. जिंकल्याचं त्या दिवशी वाटलं.

संध्याकाळी त्यानं आपले तिरंदाज माझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत एकेक करून गुंडाळले. नाक्यावर ट्रॅव्हल्सपर्यंत मी त्याच्या मागं स्कूटरवर बसले, खोकं मांडीवर धरून. खोकं हलकं होतं. गाडी सुटली आणि मी स्कूटर घेऊन एकटी घरी आले.

दुसऱ्या दिवशी झाडताना कपाटाच्या कडेला सेनापती दिसला. विसरला असं वाटून मी लगेच फोन केला. तो म्हणाला की विसरला नाही, मुद्दाम ठेवलाय. तिथं सगळ्यांची सैन्यं एकदम चोख असतात, त्यात तो डाग बरा दिसला नसता. त्यानं आता दुसरा सेनापती घेतलाय. मी ठीक आहे म्हटलं आणि ड्युटीला गेले. त्या दिवशी शिरपूरला जाताना दोनदा बेल मारायची विसरले, ड्रायव्हरनं आरशातून बघितलं.

पुढच्या सुट्टीला मी फळी मांडली. कायले मांडली, ते विचारू नका. एका बाजूला माझे सगळे राक्षस, मागं पेढा. दुसऱ्या बाजूला तो एकटा, झग्यावर कुंकू घेऊन. हे शेतावरून आले, पाणी प्यायले आणि पहिल्यांदाच फळीजवळ येऊन उभे राहिले.

"एवढ्या सगळ्याईत हा एकटाच?" त्यांनी विचारलं. "मारून टाकतीन न त्याले."

मी हो म्हटलं. नियमच तसा आहे. एवढे सोटे एकावर पडले की दुसऱ्या फेरीत तो मरायलाच पाहिजे. तेव्हापासून दर सुट्टीला मी दोन्हीकडचे फासे टाकते. राक्षसांचे आधी टाकते, आणि ते चांगले पडतात, माझे फासे पहिल्यापासून चांगले पडतात. सेनापती आडवा करायला मी हात पुढं नेते. मग तो मागं घेते, फासे उचलते आणि त्याच्या बाजूनं पुन्हा टाकते. त्याचा नेम लागेपर्यंत टाकते. हे नीट खेळणं नाही, मला कोणी सांगायला नको. पण माझा हात धरायला आता समोर कोणी नसतं.

मुलाचा फोन आला की तो विचारतो, काय करून राह्यली. खेळून राह्यली, मी सांगते. तो हसतो आणि विचारतो, कोण जिंकलं मग?

"संपला नाई अजून," मी म्हणते.