मेथीची साक्ष

फुलसावंगीच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पोराइले एकच सांगे, पाहिल्याबिगर मानू नका. अन् बायको गेल्यावर मीच मेथीच्या दाण्यामागं लागलो.

शुगर निघाली तवा डॉक्टर म्हणाले, "गोळी सोडू नका. मेथीनं कोणाले थोडा फरक पडते, कोणाले नाही. पक्कं सांगता येत नाही." बस, मास्तरले काम भेटलं! रोज भिजवलेली मेथी चावायची, बोट टोचायचं, वहीत आकडा लिहायचा. गोळी चालूच होती. रिकाम्या घरात सकाळी उठाले काही तरी कारण लागते ना बापा.

पंधरा दिवस आकडा ढिम्म. मंग कापूस वेचाच्या दिवसात एकदम उतरला. मी लाल पेननं लिहिलं, मेथी जिंकली. वेचणी सरली अन् आकडा पुन्हा चढला. तीच मेथी, तीच गोळी, मंग काहून?

वही घेऊन बसलो तवा उमगलं. वेचणीत सारी गल्ली वावरात होती, मले चहाले बोलवाले कोणी घरीच नव्हतं. एरवी शेजारची सून हाक मारे, "काकाजी, चहा मांडला, या जी!" मंग पुढचं घर, मंग त्याच्या पुढचं. आमच्याकडं साखर चहासंगं गंजातच, पातेल्यातच उकळते. शुगरचं मी कोणालेच सांगितलं नव्हतं. दिवसाचे पाच कप, अन् दोष बिचाऱ्या मेथीले! वा रे मास्तर!

शेवटी शेजारच्या सुनेले सांगून टाकलं. "अगं माय! अन् मी रोज साखर पाजून राह्यली होती?" मी म्हटलं, फिक्का दे. तिच्या मनाले पटेना. फिक्का चहा का कोणाले द्यायचा असते? दुसऱ्या दिवसापासून हाक बंद. बाकी घरीही गोष्ट गेली. काकाजीले शुगर हाय, कायले तरास द्या? मायेची माणसं, त्याइचं काय चुकलं? पण कुठं कपबशी वाजली का मी उठून बसो.

आठ दिवसात आकडा सुरेख उतरला. वही घेऊन घरभर फिरलो. दाखवाले कोणी नव्हतं. मले रडू आलं, खरं सांगतो.

नवव्या दिवशी मी तिच्या दारात उभा राह्यलो. "मेथीनं शुगर गेली बाई. मांड चहा, साखर टाकून."

ती हरखली. कप माह्या हातात देत म्हणे, "माह्या मायलेही शुगर हाय काकाजी. आजच फोन करतो तिले, गोळी बंद कर अन् मेथी खाय म्हणून."

कप तोंडापाशी आलता. मी खाली ठेवला.

"नको करू फोन," मी म्हणालो. "खोटं बोललो मी. मेथीनं काही गेलं नाही, तुमचा चहा सुटला म्हणून आकडा उतरला. मायची गोळी चालू राहू दे. अन् मले चहा नको पाजू बाई, पण हाक मारत जाय."